पगार येण्याआधीच वाटून झालेला

पत्र:

ताई, मी चाळिशीला टेकलोय. बायकोही नोकरी करते. मुलगी सातवीत. पाच वर्षांत आमचे दोघांचे पगार मिळून जवळपास दीडपट झाले, पण आजच्यासारखी ओढाताण तेव्हा नव्हती. गाडीचा हप्ता, एक पर्सनल लोन, दोन फोन आणि फ्रिज 'नो कॉस्ट' हप्त्यांवर आणि तीन क्रेडिट कार्डं. कार्डांवरची थकबाकीच आमच्या दोघांच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी आहे. किमान रक्कम मी न चुकता भरतो, आजवर एक दिवसही उशीर नाही, तरी आकडा हलत नाही. तिसऱ्या कार्डाचं बायकोला माहीत नाही. एक एजंट मागे लागलाय की सगळी कर्जं एकत्र करून देतो, हप्ता निम्मा होईल. घ्यावं का? मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून माझ्या नावावर एक मुदत ठेव आहे, ती मोडायला मन धजत नाही. ऑफिसात नवे साहेब आल्यापासून जीव विटलाय, पण नोकरी सोडायची सोय नाही. मित्र म्हणतात, महागाईच एवढी आहे, त्यात तुझा काय दोष. आई म्हणते, साधं राहा. खरं सांगू? या वयात साधं राहायचं म्हणजे हरल्यासारखं वाटतं.
(कृपया नाव छापू नये.)

उत्तर:

एक दिवसही उशीर केला नाही, हे तुम्ही जरा अभिमानानं लिहिलंय. चांगलंच आहे ते. दंड वाचला, क्रेडिट स्कोअर टिकला. पण तुमची गोची नेमकी त्याच ओळीत आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

कागद घ्या. समजा एका कार्डावर १,००,००० थकलेत, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. तुमचे आकडे थोडे वेगळे असतील, स्टेटमेंटच्या मागच्या बारीक अक्षरांत सापडतील. पहिल्या महिन्यात ३,००० व्याज चढतं, बिल येतं १,०३,००० चं. त्याचे ५ टक्के म्हणजे ५,१५० तुम्ही भरता. उरतात ९७,८५०. म्हणजे खिशातून गेले पाच हजारांच्या वर आणि कर्ज उतरलं जेमतेम २,१५० नी. असंच वर्षभर भरत राहिलात, कार्डावर एक पैशाची नवी खरेदी केली नाहीत, तरी वर्षाअखेर सुमारे ५५,००० भरून झालेले असतील आणि थकबाकी असेल ७७,०००. कर्ज निम्मं व्हायलाच ३२ महिने लागतात. आकडा हलत नाही म्हणता, तो हलतोय. पण किमान रक्कम ही थकबाकीच्या टक्क्यांत असते, त्यामुळे कर्ज थोडं उतरलं की तीही उतरते आणि फेड आणखी मंदावते. ती रक्कम तुमच्या सोयीची आहे असं वाटतं, ती कार्ड देणाऱ्याच्या सोयीची आहे.

आता फक्त एक बदल करा. पहिल्या महिन्याची ५,१५० ही रक्कम तशीच धरून ठेवा. बिलावर पुढच्या महिन्यात ५,०४० लिहून येईल, त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून कमी. तिकडे बघायचंच नाही, ५,१५० च भरायचे. ३० महिन्यांत कर्ज शून्य होतं. पुन्हा वाचा: किमान रक्कम भरत गेलात तर ३२ महिन्यांत निम्मं, आणि आज जेवढे भरताय तेवढेच दरमहा भरत गेलात तर ३० महिन्यांत सगळं. यासाठी पगारवाढ लागत नाही, पोटाला चिमटा लागत नाही. बँकेच्या ॲपमध्ये 'किमान रक्कम' हा पर्याय काढून 'ठरावीक रक्कम' असा आदेश द्यायचा, बस्स. ॲपमध्ये तशी सोय नसेल तर पगाराच्या दिवशी स्वतः हातानं भरायचे.

अट एकच आणि ती कडक आहे. त्या कार्डावर नवीन खरेदी बंद. थकबाकी पुढे ओढत असताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं, बिनव्याजी मुदत मिळतच नाही. एका कार्डाचे भरायला दुसरं, दुसऱ्याचे भरायला तिसरं, असं याची टोपी त्याच्या डोक्यावर करणं चालू असेल (तिसरं कार्ड ज्या घाईनं आलेलं दिसतंय त्यावरून मला शंका आहे) तर ते आधी थांबवा.

एजंटाचं. कर्ज एकत्र करणं ही कल्पना वाईट नाही. महिन्याला ३ टक्क्यांचं कर्ज दीड टक्क्याच्या कर्जानं फेडलं तर फायदा उघड आहे. पण 'हप्ता निम्मा होईल' हे वाक्य ऐकलं की मी सावध होते, कारण हप्ता कशानं निम्मा होतो ते तो सांगत नाही. १,००,००० चं कर्ज महिना दीड टक्क्यानं २ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता पाच हजारांच्या आसपास येतो आणि एकूण व्याज जातं सुमारे २०,०००. तेच ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता अडीच हजारांवर येतो, म्हणजे निम्मा, अगदी एजंट म्हणतो तसा. व्याज मात्र ५२,००० च्या पुढे. तुमचा हप्ता व्याजदरानं निम्मा होत नाहीये, मुदतीनं होतोय.

त्याला दोन गोष्टी लेखी मागा. एक, दर 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवर. फ्लॅट १२ टक्के ऐकायला गोड वाटतात. २ वर्षांच्या कर्जावर ते घटत्या शिलकीच्या हिशेबानं साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतात, कारण तुम्ही मुद्दल फेडत जाता तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावरच मोजलं जातं. दोन, प्रोसेसिंग फी, विमा आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा आकार धरून एकूण किती परत करायचे. हा एकच आकडा तुम्हाला हवाय, हप्ता नव्हे. तो बघून फायदा दिसला तर घ्या, पण जेवढी कमी मुदत झेपेल तेवढी घ्या, आणि ज्या दिवशी कार्डं रिकामी होतील त्याच दिवशी त्यातली दोन बंद करून तसं पत्र मिळवा. इथे माणसं फसतात. रिकामी झालेली कार्डं वर्ष-दोन वर्षांत पुन्हा भरतात, आणि मग नवं कर्जही असतं आणि जुनंही.

ठेव मोडा. थोडं निष्ठुर वाटेल, पण ठेव वर्षाला जेवढं कमावते त्याच्या कितीतरी पट कार्ड खातं. महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला साडेबेचाळीस टक्के. मुलीच्या शिक्षणासाठी एका खिशात पैसे राखायचे आणि दुसऱ्या खिशातून कितीतरी पट दरानं घालवायचे, यात मुलीचं काहीच भलं नाही. मात्र सगळी रक्कम कार्डांत ओतू नका. एक महिन्याचा घरखर्च वेगळ्या खात्यात राखून ठेवा, बाकीची ज्या कार्डाचा व्याजदर सगळ्यात जास्त त्यात भरा. निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशाला मात्र हात लावू नका, त्याची गरज पडेल तेव्हा कमवायचे दिवस हातात नसतात.

'नो कॉस्ट' हप्त्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यातलं व्याज बहुधा किमतीत किंवा फीमध्ये मुरलेलं असतं, नाहीतर रोख घेणाऱ्याची सूट तुम्हाला मिळत नाही. चालू आहेत ते संपू द्या, नवे नकोत.

आता मित्र आणि आई. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

महागाई खरी आहे. भाडं, फी, दवाखाना यांचे दर वाढले की त्याला कुणाची उधळपट्टी कारण नसते. ज्यांची सगळी कमाई भाडं, किराणा आणि औषधातच संपते त्यांना काटकसरीचे धडे देणं मला तरी क्रूरपणा वाटतो, त्यांना वाढीव मिळकत हवी असते, उपदेश नको असतो. तुम्ही त्यातले आहात का, हे मी सांगू शकत नाही, तुमचं बँक स्टेटमेंट सांगेल. पाच वर्षांपूर्वीचा एक महिना आणि मागचा एक महिना शेजारी ठेवा. वाढलेल्या प्रत्येक रकमेपुढे खूण करा: तीच गोष्ट महाग झाली, की ही गोष्ट तेव्हा नव्हतीच? पहिल्या खुणांची बेरीज ही महागाई. दुसऱ्या खुणांची बेरीज ही तुमची निवड. पत्रात तुम्ही नावं घेतलीत ती गाडी, फोन आणि फ्रिजची. भाड्याचा, दवाखान्याचा उल्लेख नाही. माझा अंदाज कळला असेलच.

पण यात स्वतःला कोसत बसू नका. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेम्स ड्यूझेनबेरी यांनी १९४९ मध्येच मांडलं होतं की माणूस किती खर्च करतो हे नुसत्या त्याच्या मिळकतीवर ठरत नाही, आजूबाजूचे कसे राहतात आणि आपण स्वतः आजवर जास्तीत जास्त किती चैनीत राहिलोय यावर ठरतं. दुसरा भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा. राहणीमान चढतं सहज, उतरताना मात्र अडतं. पगार वाढला तेव्हा मोठी गाडी घेणं स्वाभाविक वाटलं, आता लहान गाडी घेणं मानहानी वाटते. तशाच लहान गाडीत पाच वर्षांपूर्वी तुम्ही मजेत फिरत असाल.

आणि 'आधी वस्तू, मग पैसे' याचा मोह मोठा आहे हे व्यापाऱ्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. हेन्री फोर्ड यांना हप्त्यावर गाडी विकणं पटत नव्हतं. १९२३ मध्ये त्यांच्या कंपनीनं उलटी योजना काढली: दर आठवड्याला थोडे पैसे जमा करा, किंमत भरली की गाडी न्या. जनरल मोटर्सनं १९१९ पासूनच कर्जाची सोय केली होती, गाडी आज न्या, पैसे सावकाश द्या. फोर्डची योजना चालली नाही. १९२८ मध्ये त्यांनाही कर्ज देणारी कंपनी काढावी लागली. शंभर वर्षांपूर्वीही लोकांना वाट बघवत नव्हती, म्हणून केवळ मनोनिग्रहावर उभी असलेली योजना मी तुम्हाला देणार नाही. मन खंबीर नसलं तरी चालेल अशी व्यवस्था करायची.

तर साधं राहणं. आईचं 'साधं' आणि मी म्हणतेय ते 'साधं' यांत फरक असेल. मला चहा सोडा, सिनेमा सोडा, मुलीचा वाढदिवस गुपचूप उरका असं म्हणायचं नाही. खर्च दोन जातीचे असतात. एक, जो दर वेळी तुम्ही ठरवून करता आणि उद्या मनात आलं तर थांबवता. दुसरा, जो एकदा ठरवला की दर महिन्याला तुम्हाला न विचारता होतो: हप्ते, भाडं, ॲप-चॅनेलच्या वर्गण्या, मोठ्या घराची देखभाल, गाडीचा विमा. पहिल्या जातीचे खर्च डोळ्यांत खुपतात, म्हणून घरात भांडणं त्यांच्यावरून होतात. बुडवतात ते दुसऱ्या जातीचे. पगार झाल्यावर चार दिवसांत खातं रिकामं होतं तेव्हा आदल्या रविवारी बाहेर जेवलात ते आठवतं, तीन वर्षांपूर्वी केलेली सही आठवत नाही. साधं राहणं म्हणजे माझ्या लेखी ही दुसरी यादी आखूड ठेवणं. ती आखूड असेल तर अधूनमधून बाहेर जेवायला माझी ना नाही.

याचा तुमच्या साहेबांशी थेट संबंध आहे. हिशेब बघा. कमाई १०० धरा. घरात ९० खर्च होत असतील तर १० उरतात, म्हणजे एक महिना बिनपगारी काढण्याइतके पैसे साठायला ९ महिने नोकरी करावी लागते. खर्च ७० वर आणला तर ३० उरतात. मग एका महिन्याची बेगमी व्हायला २ महिने आणि वर थोडे दिवस पुरतात. खर्च पाव हिश्शानंही कमी झाला नाही आणि मोकळं होण्याचा वेग जवळपास चौपट झाला. कारण कमी खर्चानं शिल्लक वाढतेच, शिवाय त्या शिलकीवर जास्त दिवस निघतात. पगारवाढीनं हे होत नाही, तिच्यासोबत खर्चही वाढला तर तुम्ही आहात तिथेच राहता. तुमचा अनुभव तोच आहे. सध्या तुमच्या दोघांच्या महिन्याच्या कमाईतले सुमारे ९ टक्के केवळ कार्डांच्या व्याजात जात असणार (तीन महिन्यांच्या पगाराइतक्या थकबाकीवर महिना ३ टक्के), त्या बदल्यात घरात काहीही येत नाही. नव्या साहेबांपुढे मान खाली घालून बसावं लागतं ते या ९ टक्क्यांपायी. हरणं म्हणायचं तर मी त्याला म्हणेन. लहान गाडीतून जाणारा माणूस हरलेला मला तरी दिसत नाही.

म्हणून गाडीचा विषय टाळू नका. हप्ता, विमा, इंधन, सर्व्हिसिंग, पार्किंग, सगळं मिळून महिन्याला किती पडतं ते एकदा लिहून काढा. मग ती विकली तर किती येतील आणि कर्ज किती बाकी आहे ते बघा. विकून कर्ज फिटत असेल, थोडे खिशातून घालावे लागले तरीही, विकायचा विचार गंभीरपणे करा. आतापर्यंत एवढे हप्ते भरले, आता कशी विकू, असं वाटेल. भरलेले हप्ते गाडी ठेवलीत तरी परत येणार नाहीत. गाडीवाचून खरोखर अडत असेल, घरात कुणी आजारी असेल, रात्रीची पाळी असेल, तर ठेवा, पण मग दुसरं काहीतरी तेवढंच मोठं शोधावं लागेल. फुटकळ वर्गण्या बंद करून हे भगदाड बुजणार नाही.

बायकोला सांगण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. एका ओळीत ओझरतं लिहून पुढे गेलात. तरी पत्र लिहायला बसलात ते त्या ओळीसाठी, असं मला वाटतं.

सांगा, आणि या आठवड्यात सांगा. तीनही कार्डांची स्टेटमेंटं, कर्जाची कागदपत्रं, दोन्ही पगारांच्या पावत्या टेबलावर ठेवा आणि तिसऱ्या कार्डापासूनच सुरुवात करा. ते शेवटी काढलंत तर आधीचा सगळा मोकळेपणा तिला नाटक वाटेल. तयार योजना घेऊन बसू नका. तुम्ही सगळं ठरवून आलात आणि तिनं फक्त मान डोलवायची, हे तिच्यावर पुन्हा अन्याय केल्यासारखं होईल, तीही कमावते. आकडे मांडा आणि गप्प बसा. ती चिडेल. कार्डावर काय घेतलं यापेक्षा लपवलं का यावर चिडेल, आणि तो राग एका रात्रीत जाणार नाही. ठेव मोडायची का, गाडी विकायची का, हे तिच्याबरोबर ठरवा. माझ्या वरच्या सगळ्या सल्ल्यापेक्षा तिचं मत जड धरा, तुमचं घर तिला माहीत आहे, मला नाही.

मुलगी सातवीत आहे म्हणजे घरात काहीतरी चाललंय हे तिला कळतंच. तिला रकमा सांगू नका, पण 'आपण काही पैसे उसने घेतलेत, ते फेडतोय, म्हणून दोनेक वर्षं मोठ्या वस्तू घेणार नाही' एवढं सरळ सांगा. 'परवडत नाही' म्हणून तोंड पाडण्यापेक्षा हे बरं. आणि मग ते तुम्हालाही लागू ठेवा, तिला नवा फोन नाही आणि बाबांना आला, असं चालणार नाही.

शेवटचं. पहिल्या तीन-चार महिन्यांत काहीतरी अंगावर येईलच. दात दुखेल, फ्रिज बिघडेल, लांबचं लग्न निघेल. तेव्हा कार्ड बाहेर काढू नका, जो महिन्याभराचा खर्च बाजूला ठेवलाय तो त्यासाठीच आहे. तो वापरला तर पुढचे दोन महिने कार्डाची जादा रक्कम थांबवून आधी तो भरून काढा, किमान रक्कम तेवढी भरत राहा, आणि नंतर पुन्हा ठरलेल्या आकड्यावर या. आणि कधी किमान रकमेचंही जमणार नाही असं दिसलं, तर तारीख उलटायच्या आधी कर्ज देणाऱ्याला स्वतः गाठून हप्ते नव्याने बांधून मागा. जे कबूल करतील ते लेखी घ्या. ती अडचण भागवायला चौथं कार्ड किंवा पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप घेऊ नका.